उभ्या माणसाची उंची

मिस्त्रीच्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या गुरुवारी त्याने कहर केला. नव्या लोखंडी चौथऱ्याभोवती त्याने निदान चाळीस फेऱ्या मारल्या असतील. खिशातली टेप काढायची, सर्रकन ओढायची, कुठेतरी लावायची, खटकन सोडायची. सकाळी बरोबर निघालेलं माप दुपारीही बरोबरच निघणार. लोखंड काही दोन तासांत वाढत नाही. पण हे त्याला सांगणार कोण? वेल्डिंगचा धंदा आणि स्वभाव तापट, म्हणून लोकांनी त्याचं नाव ‘ठिणगी’ ठेवलं होतं, आणि ठिणगीची समजूत काढायला जाणाऱ्याचाच सदरा जळतो.

चौथरा फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला होता, खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगांच्या मागे. पंचेचाळीस सेंटीमीटर उंच, वर खडबडीत पत्रा, कडेने कठडा आणि चढायला साडेपाच मीटरचा अलगद रॅम्प. सहा व्हीलचेअर शेजारी शेजारी मावतील अशी जागा. क्लबने ती काही आपणहून केली नव्हती. मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीने, ताईने, तीन वर्षं अर्जांमागून अर्ज लिहिले, तेव्हा कुठे वरच्या संघटनेकडून आराखडा आला. काम मिस्त्रीकडे आलं, कारण गावात उताराचं काम त्याच्याइतकं सरळ करणारा दुसरा कुणी नव्हता. आणि दुसरा कुणी असता तरी मिस्त्रीने त्याला ते करू दिलं नसतं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिशीत पाठीच्या कण्याचं दुखणं झालं आणि पाय गेले. तेव्हापासून ती भावाच्या घरात तळमजल्यावरच्या खोलीत राहायची आणि शिलाईचं काम करायची. मशीनचं पायाचं बटण मिस्त्रीने तिला कोपराशी आणून दिलं होतं. क्लबच्या जर्सींवरचे आकडे तीच शिवायची. कुठल्या खेळाडूची पाठ रुंद झाली, कुणाचं पोट सुटलं, हे प्रशिक्षकाच्या आधी तिला कळायचं. गेली अकरा वर्षं घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने चुकवला नव्हता. कोपऱ्यातल्या झेंड्याच्या मागे, रेलिंगला चाक टेकवून ती बसायची. मैदानावरच्या संडासाला तीन पायऱ्या होत्या, म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळपासून ती पाण्याचा थेंब घेत नसे. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. अर्जात मात्र लिहिलं होतं, पहिल्याच ओळीत.

गुरुवारी दुपारी क्लबचे सेक्रेटरी साहेब आले, फोटोवाला आला, ताईला रॅम्पवरून वर आणलं. मैदान रिकामं, खुर्च्या रिकाम्या, ऊन स्वच्छ.

“दिसतंय का?” मिस्त्रीने विचारलं. त्याचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता.

ताईने समोर पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं. “छान दिसतं रे. अख्खं मैदान दिसतं.”

फोटोवाल्याने फोटो काढला आणि सेक्रेटरी साहेबांनी फीत कापली. मिस्त्रीने त्यानंतरही एकदा टेप लावली, ते सोडा.

रविवारी पहिला सामना झाला. मिस्त्रीने ताईला चौथऱ्यावर नेऊन बसवलं, ब्रेक लावला आणि नेहमीप्रमाणे गोलच्या मागे, उभ्याने बघणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन मिसळला. ताईचाच तसा हुकूम होता. तो शेजारी असला की पाय हलवतो, खुर्ची हलते, तिचं लक्ष उडतं. अकरा वर्षं हेच चाललेलं होतं. त्या दिवशी संघाने एक गोल केला आणि तेवढ्यावर सामना जिंकलाही. मिस्त्री ओरडून ओरडून घसा बसवून आला.

संध्याकाळी घरी चहा झाला. बायकोने कप उचलायला घेतले तशी ताई म्हणाली, “थांब, दोन कप राहू दे. हं, सांग आता, गोल कसा झाला?”

हा त्यांच्या घरातला नेम होता. सामना झाला की ताईने विचारायचं आणि मिस्त्रीने टेबलावर कप, चमचे, साखरेचा डबा मांडून अख्खा गोल पुन्हा खेळून दाखवायचा. सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कप म्हणजे गोलकीपर, चमचा म्हणजे आपला सात नंबर. त्याने चमचा उचलला, साखरेच्या डब्याला वळसा घातला, आणि मध्येच थांबला.

“पण तू तर समोरच होतीस,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा तुला स्वच्छ दिसला असेल. मी तर त्या लंबूटांगाच्या खांद्यावरून बघत होतो.”

ताई कपाच्या कानाला बोट लावून तो फिरवत राहिली.

“ताई, गोल दिसला ना तुला?”

“चेंडू सात नंबरकडे आला इथपर्यंत दिसलं,” ती म्हणाली. “मग पुढचे सगळे उठले.”

“मग?”

“मग काय? पाठी दिसल्या. एकाच्या विजारीची शिवण उसवलीय, त्याला सांगायला पाहिजे.”

बायको कप घेऊन तशीच उभी राहिली. मिस्त्रीच्या हातातला चमचा खाली आला नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी मागे मागे जायला लागलं होतं, एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं.

“आणि आधी? कोपऱ्यात बसायचीस तेव्हा?”

“तेव्हाही तेच. गोल म्हटला की माणूस उठून रेलिंगशी धावणारच. मी खालीच. अकरा वर्षांत आपला एकही गोल मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.” मग तिला हसू आलं, आणि ते हसू मिस्त्रीला रडण्याहून जास्त लागलं. “त्यांचे मात्र सगळे पाहिलेत. एकूण एक. ते गोल करतात तेव्हा आपली माणसं मटकन खाली बसतात, आणि मला सगळं लख्ख दिसतं. आपण हरतो तेव्हा माझ्याइतकं चांगलं कुणालाच दिसत नाही बघ.”

“आणि तू मला गुरुवारी म्हणालीस, छान दिसतं!”

“म्हणाले. चुकलंच माझं. मनात आलं होतं, कुणाला तरी पुढे उभं करून बघावं. पण तुझं तोंड बघितलं, तो फोटोवाला, ती फीत. जीभच उचलली नाही.”

मिस्त्री उठला. खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. त्याने पत्र्याची जाडी मोजली होती, वजन मोजलं होतं, रॅम्पचा चढ तीन तीनदा मोजला होता. पुढचा माणूस उभा राहील हे त्याने मोजलंच नव्हतं. आणि का नव्हतं? कारण तो स्वतः जन्मभर उभा राहूनच सामना बघत आला होता. उठणाऱ्याला मागे कोण आहे ते दिसत नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ताईकडे बघवेना. रात्रीचं जेवण त्याने चिवडून तसंच ठेवलं.

सोमवारी सकाळी तो सेक्रेटरी साहेबांच्या खोलीत हजर झाला. साहेबांनी गुरुवारचा फोटो मोठा करून भिंतीवर टांगलासुद्धा होता. मिस्त्री बसला नाही. त्याने टेबलावर कागद पसरला आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. चौथरा आणखी निदान साठ सेंटीमीटर वर घ्यायला हवा. तेवढा वर घेतला की रॅम्प दुपटीहून लांब होणार, मग तो सरळ मावणार नाही, मैदानाच्या भिंतीलगत वळवावा लागेल. बाकी त्याच्याकडे लोखंड आहे, हात आहेत, दोन आठवड्यांत काम उभं करतो.

“भिंतीलगत?” साहेबांनी चष्मा वर केला. “तिथे गाडी लागते, मिस्त्री.”

“कुणाची?”

“माझी.” साहेबांना हे सांगताना अवघडल्यासारखं झालं असेल असं वाटत असेल तर ते खोटं. अख्ख्या मैदानात सावलीची तेवढी एकच जागा होती.

“मग पुढच्या दोन रांगा काढू या. बावीस खुर्च्या.”

“त्या वर्षभरासाठी दिलेल्या आहेत. आणि हे बघा, आराखड्यात पंचेचाळीस लिहिलंय, तुम्ही पंचेचाळीस केलंय, तपासणी झालीय. नियमात उभ्या माणसाचा उल्लेखच नाही.”

“नियम लिहिणारा बसून लिहितो, साहेब. सामना बघणारा उभा राहतो.”

“तर लोकांना बसायला सांगा. आपण पाटी लावू. ‘कृपया उभे राहू नये.’ मोठ्या अक्षरांत.”

पाटीने माणसं बसत असती तर भिंतीवर ‘थुंकू नका’ लिहिलेल्या सगळ्या जागा आज चाटून पुसून स्वच्छ असत्या. पण मिस्त्री बाहेर पडला तो हाच विचार घेऊन. पाटी नाही, पण माणसं. बावीस माणसंच तर आहेत! एकेकाला जाऊन भेटायचं. दोन आठवड्यांनी नदीपलीकडच्या संघाशी सामना होता, हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा. त्या सामन्यात ताईला गोल दिसला पाहिजे. बाकी जग गेलं खड्ड्यात.

दोन आठवडे त्याने स्वतःलाही स्वस्थता दिली नाही आणि दुसऱ्यांनाही. दुकानात अर्धवट कामं पडली. एका गिऱ्हाइकाच्या फाटकाला त्याने बिजागरी उलटी लावली आणि वर त्यालाच दम दिला. दुपार झाली की सायकल काढायची आणि यादीतल्या पुढच्या माणसाचं दार ठोठावायचं. पोस्टमन लगेच कबूल झाला. माणूस तसा भला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाराशी उभा राहिलेला. दाताच्या डॉक्टरांनी आधी त्याला खुर्चीत आडवं केलं, दाढ तपासली आणि मग वचन दिलं. बेकरीवाला पिठाने माखलेले हात पसरून म्हणाला, “ठिणग्या, वचन देतो, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. गोल झाला की माझं बूड माझं ऐकत नाही. असं करतो, मफलरने स्वतःला खुर्चीला बांधून घेतो.”

ही युक्ती सगळ्यांनाच आवडली. बांधायचं ठरलं. बाविसावी खुर्ची राहिली होती, नेमकी ताईच्या पुढ्यातली. तिचा मालक परगावी गेला होता. ती मिस्त्रीने स्वतःसाठी घेतली. एवढी नाजूक जागा कुण्या भलत्याच्या हातात द्यायची नाही, आणि पुढे बसून सगळ्यांवर नजरही ठेवता येईल.

ताईला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तिला वाटलं, भाऊ दमलाय, म्हणून हल्ली गप्प असतो.

सामन्याच्या दिवशी बावीस माणसं वेळेआधी येऊन बसली. मफलरांच्या गाठी मारल्या गेल्या. पोस्टमनने टपालाच्या गठ्ठ्याला मारतात तशी दुहेरी गाठ मारली. मिस्त्री रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, एकेक गाठ ओढून पाहिली, दोन सैल होत्या त्या आवळल्या. मागून ताई विचारत होती, “अरे, काय चाललंय काय तुमचं? आणि तू आज इथे कसा?” तो म्हणाला, “काही नाही. तू समोर बघ.” आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसला. बावीसपैकी एकवीस जण बांधलेले होते. राखणदाराला बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्याच्याही नाही.

पहिला अर्धा भाग कोरडा गेला. मिस्त्रीचा पाय थडथड हलत होता. तो मैदानाकडे कमी आणि रांगेकडे जास्त बघत होता. चेंडू गोलजवळ गेला की एकवीस मफलर ताणले जात, एकवीस खुर्च्या कुरकुरत, आणि मिस्त्री हात खाली दाबून ओरडे, “बसा! बसा!” मध्यंतरात त्याला घाम फुटला होता. दुसऱ्या भागात नदीपलीकडच्यांनी एकदा खांबाला चेंडू मारला, तेव्हा सगळ्या मैदानाने श्वास रोखला. घड्याळ पुढे सरकेना. सत्तर मिनिटं झाली. पंचाहत्तर. गोलच झाला नाही तर? या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला. पुढचा हंगाम पाच महिन्यांवर. इतकी माणसं पुन्हा जमवायची, पुन्हा बांधायची?

त्र्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या सात नंबरने मधल्या रेषेवर चेंडू काढून घेतला. एक जण आडवा आला, त्याला त्याने खांद्याने सारलं. दुसरा घसरत आला, तो घसरतच राहिला. गोलकीपर पुढे आला, सात नंबरने चेंडू किंचित उचलला, तो गोलकीपरच्या बोटांवरून गेला, खाली टप्पा पडला, आणि मग इतका सावकाश, इतका सावकाश रेषेकडे घरंगळत गेला की बघणाऱ्याला ओरडायला दोनदा वेळ मिळावा.

मिस्त्री ओरडला. सगळं मैदान ओरडलं. त्याने हात हवेत फेकले, छाती फुटेल इतक्या आनंदाने तो ताईचा चेहरा बघायला मागे वळला.

मागे वळला तेव्हा त्याला कळलं की तो उभा आहे.

दोन रांगांत एकवीस माणसं मफलरात अडकून, लाल तोंडं करून, बसल्या बसल्या किंचाळत होती. बेकरीवाल्याची खुर्ची बोल्टासकट वाकली होती, पण तो उठला नव्हता. एकटा मिस्त्री उभा होता, हात वर करून, ताईच्या बरोबर पुढ्यात. ताईची नजर त्याच्या कमरपट्ट्यावर होती. लोक म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं, ते हेच.

तो कसा खाली बसला त्याला आठवत नाही. उरलेली सात मिनिटं त्याने जमिनीकडे बघत काढली.

घरी जाताना ताईने त्याला खुर्चीच्या दांड्याला हात लावू दिला नाही. स्वतःच चाकं ढकलत राहिली. तिच्या चार हात मागे तो, चोरासारखा. घरात शिरल्यावर तो म्हणाला, “ताई, माझं चुकलं. मला फाशी दे.”

“तुझी माफी नकोय मला!” ताईचा आवाज इतका चढला की आतून बायको धावत आली. “आणि तू उठलास म्हणून मी चिडले असं वाटतंय का तुला? अरे, त्या एकवीस माणसांना बांधून कुणी ठेवलं? बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं गोलला, आणि बिचारा बांधलेला! माझ्यासाठी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“पण तुला दिसावं म्हणून…”

“गोलला उभं राहायचंच असतं! माझे पाय असते तर तुमच्या सगळ्यांच्या आधी मी उठले असते. लोकांनी बसावं असं मी एका तरी अर्जात लिहिलंय का? मला लोकांची दया नको. लोक उभे असताना मला दिसलं पाहिजे, एवढंच. ते लोखंडाचं काम आहे. ते तुझं काम आहे. आणि ते सोडून तू दोन आठवडे गाठी मारत फिरलास.”

मिस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. “साहेब जागा देत नाहीत,” तो पुटपुटला.

“ते मी बघते,” ताई म्हणाली, आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री उठून बघतो तर ताई घरात नाही. खुर्ची नाही, शिवणाची टोपली नाही. तो तसाच, बनियनवर, सायकल काढून मैदानाकडे सुटला.

फाटकाशी गर्दी होती. मैदानाला पाणी घालणारा टँकर रस्त्यात अडकून भोंगा वाजवत होता, त्याच्या पुढे सेक्रेटरी साहेबांची पांढरी गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि भिंतीलगतच्या सावलीच्या जागेत, बरोबर मधोमध, ताई. ब्रेक लावलेला, मांडीवर फाटकी जर्सी, ती निवांतपणे आकडा उसवत होती. मैदानाची निगा राखणाऱ्या काकांनी तिच्यासाठी चहा आणून ठेवला होता आणि ते स्वतः, आपला यात काही संबंध नाही असं दाखवत, पलीकडे गोलची जाळी दुरुस्त करायला निघून गेले होते.

“बाई, गाडी लावायचीय,” साहेब म्हणत होते.

“लावा की,” ताई म्हणाली. “मी अकरा वर्षं कोपऱ्यात लावली. तुम्हीही लावा कुठेतरी.”

टँकरवाला हसला. साहेब त्याच्याकडे रागाने बघून पुन्हा ताईकडे वळले. “हे बघा, काल तुमच्या बंधूंनीच…”

“माझ्या भावाचं मी बघून घेईन. तुम्ही सांगा, काल गोल झाला तेव्हा तुम्ही उठलात की बसून होतात?”

खोटं बोलावं तर अख्ख्या मैदानाने साहेबांना टोपी उडवताना पाहिलं होतं. “उठलो,” ते म्हणाले.

“बरोबर केलंत. गोलच होता तसा म्हणे.” ताईने दोरा दातांनी तोडला. “पुढच्या हंगामातही उठा. फक्त मला उभ्या माणसांच्या वर बसवा. तोवर मी ही जागा सोडत नाही. मला काय, माझी खुर्ची माझ्याबरोबरच आहे.”

टँकरने पुन्हा भोंगा वाजवला. मागे दुधाची गाडी येऊन थांबली होती, तिनेही वाजवला. साहेबांनी रुमालाने मान पुसली. काल बांधलेली माणसं त्यांनीही पाहिली होती, आणि आज सकाळपासून चौथरा वर घ्या म्हणून तीन फोन आले होते, त्यातला एक दाताच्या डॉक्टरांचा होता. ते जरा वेळ आपल्या सावलीच्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी मागे घेतली आणि उन्हात नेऊन लावली.

“किती उंच पाहिजे ते एकदाच काय ते नक्की सांगा,” परत येऊन ते त्रासिकपणे मिस्त्रीला म्हणाले. “पुन्हा पुन्हा तोडफोड मी करू देणार नाही.”

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. “मग आत्ताच मोजू. साहेब, तुमची उंची किती?”

“सहा फूट एक इंच. का?”

“छान. पहिल्या रांगेत जाऊन उभे राहा.”

मिस्त्री दुकानातून आपलं पत्रे उचलायचं टेबल घेऊन आला, पायाने पंप मारला की इंच इंच वर चढणारं. ते चौथऱ्यावर नेलं, त्यावर ताईची खुर्ची चढवली, चाकांना पाचरी मारल्या आणि पट्ट्याने खुर्ची टेबलाला आवळून बांधली. खाली सेक्रेटरी साहेब मैदानाकडे तोंड करून, कोट घातलेले, उभे.

“हात वर करा,” ताई म्हणाली.

“हात कशाला?”

“गोल झालाय असं समजा.”

साहेबांनी हात वर केले. मिस्त्रीने पंप मारला. ताई थोडी वर गेली.

“दिसतंय?”

“साहेबांचं टक्कल दिसतंय.”

पुन्हा पंप. “आता?”

“टक्कल गेलं. मधली रेषा दिसली. मार अजून.”

“अजून किती वेळ?” साहेबांचे दंड थरथरायला लागले होते. “लोक बघतायत.”

“अकरा वर्षं नाही लागणार,” ताई म्हणाली. मिस्त्री पंप मारत राहिला. त्याचे डोळे पंपाच्या दांड्यावर होते, वर बघायची त्याची छाती होत नव्हती. एक इंच. अजून एक इंच.

मग वरून आवाज येईना. त्याने विचारलं, “ताई, दिसतंय का?” उत्तर नाही. साहेबांनी मान न वळवता विचारलं, “काय झालं?”

पलीकडे काकांची जाळी बांधून झाली होती. गवतात एक जुना चेंडू पडलेला होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, एक चप्पल नीट पायात सरकवली, आणि चेंडूला सहज लाथ मारली. चेंडू उड्या मारत गेला, रेषा ओलांडून आत गेला, नव्या गाठी मारलेल्या जाळीला लागून थांबला. साहेबांच्या डोक्यावरून, वर केलेल्या दोन हातांच्या मधून, ताईने तो पायापासून जाळीपर्यंत अख्खा पाहिला.

“गोल!” ती किंचाळली. “गोल! अरे, गोल!” तिने दोन्ही हात वर फेकले, मांडीवरची जर्सी खाली पडली, आणि ती रडायला लागली.

काका दचकून तिकडेच थबकले. साहेब काय झालं ते न कळून हात तसेच वर धरून राहिले. मिस्त्रीने बनियनच्या कडेने डोळे पुसले, खाली वाकला आणि टेबलाला टेप लावली. जमिनीपासून एकशे बारा सेंटीमीटर. त्याने खडूने तो आकडा कठड्यावर लिहिला, मोठा, साहेबांनाही वाचता येईल असा.